देवीने ओढलेला हात

आमच्या वाड्यावर कुणाच्या हातून चहाचा कोप निसटला, की अजून म्हणतात, "काय रे, सकाळीच सगुण झालंय?" म्हणजे, सकाळीच घेतलीस का? म्हणणारी पोरं हल्लीची. सगुण गुरव त्यांनी धड पाहिलेलाही नाही. ज्या माणसाच्या नावाने तुम्ही दारुड्याला हाक मारता, त्याने जन्मात थेंब घेतला नव्हता, असं मी एकदा त्यांना सांगितलं. पोरं हसली. म्हातारी गोष्टी सांगते म्हणाली. म्हातारी गोष्टी सांगतेच. तिला दुसरं काम काय?

मी लग्न होऊन पेडण्यातल्या पार्शाजवळच्या ह्या वाड्यावर आले ती डिचोलीहून. डिचोलीला बाजारपेठ, बसस्टँड, सिनेमाचं थिएटर. पेडण्यात माणसं राहतात ती निव्वळ नाइलाजाने, असं माझं प्रामाणिक मत होतं. त्यात मी बी.ए. झालेली. दुसऱ्या दिवशी देवीच्या पाया पडायला निघाले ते म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून आणलेल्या उंच टाचांच्या चपला घालून. वाट शेताच्या मेरेवरून, म्हणजे बांधावरून, आणि मेर वीतभर रुंद. सासूबाई म्हणाल्या, चपला काढ. पदवीधर मुलगी सासूचं ऐकते होय? अर्ध्या वाटेत टाच मातीत रुतली आणि मी शालूसकट चिखलात.

समोरून एक सडपातळ तरुण डोक्यावर भरलेली घागर घेऊन येत होता. काठोकाठ भरलेली, आणि हात खाली मोकळे सोडलेले. मी मेरेवर अर्धी आडवी. तो थांबला नाही. माझ्या बाजूने, मेरेच्या अगदी कडेवर पाय टेकत पलीकडे गेला. घागरीतलं पाणी हललं नाही. पलीकडे गेल्यावर मात्र मान न वळवता म्हणाला, "वयनी, लोटांगण देवळांत घालतत. हंय घातलंय तां शेतकाराक पावतलां."

तो सगुण. आमच्या देवीचा गुरव. तेव्हा मला त्याचा इतका राग आला होता, की देवळात मी देवीकडे पाहिलंच नाही.

आमच्याकडे देवीला कौल लावतात. गाभाऱ्यात काळा पाषाण आहे. गुरव पिटकोळीच्या फुलांचे तांबडे कळे पाण्यात बुडवून पाषाणाच्या दोन्ही खांद्यांवर चिकटवतो आणि विचारणाऱ्याचा प्रश्न देवीपुढे मांडतो. उजवा कळा आधी पडला तर होय, डावा पडला तर नाही. ऐकायला सोपं वाटतं. पण कळा जोराने दाबला तर संध्याकाळपर्यंत पडत नाही, आणि हलका लावला तर प्रश्न पुरा व्हायच्या आधीच घरंगळतो. सगळं गुरवाच्या हातावर. सगुण कळा करंगळीशेजारच्या बोटाने लावी. झोपलेल्या पोराच्या गालावरची माशी उडवावी, तसा. मग दोन पावलं मागे सरे आणि हात पाठीमागे बांधून उभा राही, जणू आता त्याचा ह्या प्रकरणाशी काही संबंध उरला नाही.

हातांचा त्याला गर्व होता. त्याच्या बायकोच्या, सुमतीच्या हातून ताट निसटलं, तर ते जमिनीला लागायच्या आत सगुणाच्या हातात असे. दाढी तो आरशाशिवाय करी. "माजो गाल खंय आसा तां माज्या हाताक ठावक आसा," म्हणे. दारूचं म्हणाल, तर गुरवाच्या घराला ती वर्ज्य. काजूच्या दिवसांत सगळ्या वाड्याला हुर्राकाचा वास येई, पहिल्या धारेची दारू घरोघरी पाहुण्यापुढे ठेवली जाई, आणि हा लिंबाचं सरबत मागी.

जीभ मात्र हातांसारखी हलकी नव्हती. लग्नानंतर वर्षभरात मी गुपचूप कौल मागायला गेले. प्रश्न काय, तर मला वेगळी चूल कधी मिळणार? एवढी शिकलेली मी, आणि देवीला स्वयंपाकघराची वाटणी विचारत होते. सगुणाने कळे पाण्यातून काढले, माझ्याकडे पाहिलं आणि परत पाण्यात सोडले.

"वयनी, ह्या देवीक विचारपाचां न्हय. घोवाक विचार."

"ते काय सांगणार?"

"तां देवीक पण ठावक ना."

खाणी बंद पडल्या तेव्हा डिचोलीचे ट्रकवाले येऊन विचारत, खाण परत कधी सुरू होईल? पुढे विमानतळ आला, तेव्हा आमचेच लोक विचारू लागले, जमीन आता विकू की थांबू? सगुण कळे लावी, पण नंतर माझ्याशी कुरकुरे. "देवीक आमी दलाल केलां गे. एक दीस ती उठान वाळपयक वचतली."

पन्नाशी ओलांडल्यावर कधीतरी आम्हाला गंध लावताना त्याचं बोट चुकू लागलं. कपाळावर टेकायचं बोट माझ्या भुवईवर टेकलं. मला वाटलं, खोडी काढतोय. पुढच्या वेळी ते नाकाच्या शेंड्यावर आलं. मी म्हटलं, "सगुणदादा, मला विदूषक करायचं ठरवलंय?" तो हसला नाही. बोटाकडे बघत राहिला, दुसऱ्याच कुणाचं बोट आपल्या हाताला कुणी लावून गेल्यासारखा.

मग ते कौलातही दिसू लागलं. हात खाली सोडलेला असला की शांत. कळा उचलतानाही जवळजवळ शांत. पण पाषाणाजवळ जाऊ लागला की थरथर सुरू. जितका जवळ, तितकी जास्त. शेवटच्या वीतभर अंतरात तर हात झोके घेई. मग एकदाचा कळा चिकटे, हात खाली येई, आणि परत शांत.

आता तुम्हीच सांगा, भाविक माणूस ह्याचा अर्थ काय लावणार? दूर असताना हलत नाही, देवीजवळ गेला की हलतो. एका बाईने हात जोडून म्हटलं, "देवी ओढता गे त्याका!" झालं. पेडण्यापासून सत्तरीपर्यंत बातमी गेली. रविवारी देवळापुढे गाड्या लावायला जागा उरेना. लोक सगुणाच्या पाया पडू लागले. थरथरणारा हात डोळ्यांना लावून घेण्यासाठी ढकलाढकली. मीसुद्धा एकदा लावून घेतला. तोवर शाळेत शिकवून माझे केस पिकले होते, पण भोळेपणा तेवढा काळाभोर होता.

हात डोळ्यांवरून काढून घेत तो हळूच म्हणाला, "वयनी, देवी ओढीना. घरांत चायचो कोप धरताना पण असोच नाचता."

हेच त्याने देवस्थान समितीच्या अध्यक्षांनाही सांगितलं. हे विश्वासबाब. खाणीवर त्यांचे ट्रक होते, खाणी थांबल्यावर ते देवळात जास्त दिसू लागले. माणूस वाईट नव्हता. देवळाला नवी फरशी आली, सभामंडपाला पंखे आले, ते त्यांच्याच खटपटीने. त्यांनी सगुणाच्या खांद्यावर हात ठेवला.

"सगुण, देवी तुज्या घरांत पण येता. बरां न्हय?"

"चायच्या कोपांत?"

"ही गजाल भायर काडू नाका."

त्याने काढली नाही. काढली असती तर कुणी ऐकली असती?

थरथर देवळापुरती राहिली असती, तर तो देवमाणूस म्हणूनच मेला असता. पण ती पायात उतरली. मेरेवरून घागर घेऊन जाणारा हा माणूस सपाट रस्त्यावर पाय फाकवून चालू लागला, होडीत उभा असल्यासारखा. अंगणातून देवळापर्यंत जाताना कुंपण धरी. मग जीभ जड झाली. एकेक अक्षर सुटं, कुठे उगाच जोर, कुठे शब्दाची शेपटीच गायब. भावाच्या तेराव्याला सगळे जेवायला बसले असताना ह्याला हसू फुटलं आणि थांबेना. डोळ्यांत पाणी, तोंडावर हसू. सुमतीने त्याला धरून आत नेलं. उलट टीव्हीवर साबणाची जाहिरात लागली, की हुंदके देऊन रडे. पाणी गिळताना ठसका लागे, उठला की डोळ्यांपुढे अंधारी येई.

पाय फाकलेले, जीभ जड, अवेळी हसतो, अवेळी रडतो. आमच्याकडे ह्याला एकच नाव आहे. ज्या तोंडांनी देवी ओढते म्हटलं होतं, तीच तोंडं म्हणू लागली, "गुरव पिता." कुणी कुंपण धरून चालण्याची नक्कल करी, कुणी बोलण्याची. सुमती रस्त्यावर उभी राहून भांडे. त्याने लोकांचं बोलणं थांबलं नाही, उलट वाढलं.

समितीची बैठक बसली. सगुणाला सेवेवर ठेवायचं की नाही? ह्या घराच्या हाताखेरीज पाषाणाला दुसऱ्याचा हात लागत नाही, आणि सगुणाला मूलबाळ नाही. सेवा काढली, तर ती पुतण्याकडे जाणार. सगुणाला दुसरं काही नको होतं. जमीन नको, मान नको. मला म्हणाला होता, "मरसर तिका हात लावूंक मेळूंक जाय. बाकी कोणय काय म्हणूं." वाद मिटेना, तेव्हा कुणीतरी तोड काढली. देवीलाच विचारा.

आणि देवीला विचारायचं म्हणजे कौल. आणि कौल लावणार कोण? सगुण.

हे कुणालाच विचित्र वाटलं नाही. रविवारी सकाळी सभामंडप भरला. मी खांबापाशी उभी होते. सगुण धुतलेलं पांढरं धोतर नेसून आला, सुमतीचा हात दारातच सोडला. गाभाऱ्यात त्याने एक युक्ती केली. उजव्या हाताचं कोपर डाव्या हाताने छातीशी गच्च दाबून धरलं आणि हात पुढे नेला. थरथर निम्मी झाली. पहिला कळा बसला. सुरेख बसला. माझ्या जिवात जीव आला.

मागून कुणीतरी ओरडलं, "धरून नाका! मोकळ्या हातान लाय!"

विश्वासबाब म्हणाले, "सगुण, रीत मोकळ्या हाताची."

त्याने कोपर सोडलं. दुसरा कळा उचलला. हात पाषाणाकडे निघाला, आणि शेवटच्या वीतभरात सुटला तो सुटलाच. पाषाणावर आपटला. बसलेला कळा उडाला, हातातला पडला, समईला धक्का लागून तेल सांडलं. आणि सगुण हसू लागला. खो खो हसू लागला. पाषाणाला पाठ लावून, सांडलेल्या तेलात बसून हसत होता, आणि त्याचे डोळे मात्र माझ्याकडे लागले होते. ते हसत नव्हते.

"पिऊन आयला! देवीन हात झटकलो!"

त्याला दोघांनी उचलून बाहेर आणलं. फुलं उचलावीत तसं नव्हे. त्या दिवसापासून गाभारा त्याला बंद झाला.

नंतर सुमती त्याला मोठ्या इस्पितळात घेऊन गेली. मला सोबत नेलं, डॉक्टरांशी इंग्रजीत बोलायला. तरुण डॉक्टरणीने इंग्रजी बोलायची वेळच आणली नाही. तिने सगुणाला आपल्या नाकाला आणि मग तिच्या बोटाला आळीपाळीने हात लावायला सांगितलं. टाच नडगीवरून सरळ खाली न्यायला सांगितलं. एका रेषेत चालायला सांगितलं. मला ती मेर आठवली. यंत्रात घालून डोक्याचा फोटो काढला. मग तिने समजावलं, की डोक्याच्या मागच्या बाजूला, मानेच्या वर, एक लहान मेंदू असतो. तो झिजत चाललाय. झीज सावकाशीची आहे, बरीच वर्षं चाललेली. थांबवायचं औषध नाही. व्यायाम करा, पडू नका, पातळ पदार्थ जपून गिळा. ते हसणं-रडणंही त्यातलंच, त्यांना बोल लावू नका.

सगुणाने परतीच्या वाटेवर म्हापशाच्या बसस्टँडवर मला ते आपल्या भाषेत सांगितलं. शब्द सुटे सुटे येत होते, पण डोकं लख्ख होतं.

"व्हडलो मेंदू हुकूम सोडता. हात, वच, कळो लाय. धाकटो काय सांगना. तो फकत बघता. हात वाटेर आसा? मातसो उजवीकडे गेलो? ओड मागे. पाणी हिंदळता? मान सांबाळ. हुकूम ना, फकत संबाळप."

"म्हणजे घरातली बाई," मी म्हटलं.

सुमती पहिल्यांदा हसली. तोही हसला, आणि ते हसू खरं होतं. मग म्हणाला, "इतकीं वर्सां माका दिसलां, हात माजो हुशार. हुशार तो मागे बसलेलो. त्याची याद तो गेल्यार आयली."

आता सगळं सरळ होतं. दारू नाही, दुखणं. मी तरातरा समितीकडे गेले. सगुण आणि सुमती मागून आले. साठी ओलांडली तरी माझा समज होता, की खरं सांगितलं की लोकांना पटतं. त्या उंच टाचा मी पायातून काढल्या होत्या, डोक्यातून नव्हे.

विश्वासबाबांनी सगळं ऐकून घेतलं. पाणी मागवलं, पंखा लावला.

"वयनी, तुमी शिकलेली बाई. ही झीज केन्नाची?"

"बरीच वर्षं झाली, म्हणाल्या डॉक्टरीण."

"म्हणजे देवी ओढी म्हणून आमी जे कौल घेतले, ते सगळे दुखण्याचे?"

मी डॉक्टरणीचा कागद त्यांच्यापुढे सरकवला.

"माज्या चेडवाचां लगीन त्या कौलार झालां. भावाची नी माजी जमीन त्या कौलार वांटली. सगळ्या वाड्याचीं घरां, लग्नां, कज्जे त्या हातार उभे आसत. दारू म्हटली तर एका दिसाची गजाल. पिऊन आयलो, देवीन झटकलो, सोंपलां. दुखणां म्हटलां तर आमी खंय वचपाचां?"

मी तोंड उघडलं, पण सगुणाने माझा हात धरला. त्याला माझ्या आधी कळलं होतं. त्याच्या दुखण्याने कुणाचं नुकसान होत नव्हतं, त्याच्या निर्दोषपणाने सगळ्यांचं होत होतं. तो कुंपण धरून घराकडे निघाला. त्यानंतर रस्त्यात कुणी मुद्दाम विचारलं, "काय सगुण, आज किती?" तर तो थांबून, एकेक अक्षर फोडत सांगे, "भ-र-पूर." सुमती कपाळावर हात मारून घेई. मी त्याच्यावर चिडले, तेव्हा म्हणाला, "वयनी, तेंका जाय तां दिलां. गुरवाचां काम तांच न्हय?"

एक सांगायचं राहिलं. देवमाणूस होता तेव्हा लोक पाया पडत. दारुडा झाला तेव्हा निदान टिंगल करायला तरी जवळ येत. कुंपणही सुटून तो खुर्चीला खिळला, तेव्हा दुखणं आंधळ्यालाही दिसत होतं. मग कुणीच येईना. टिंगल करायला लाज वाटत होती, आणि क्षमा मागायला जमत नव्हतं. मधला मार्ग म्हणून लोक पलीकडच्या वाटेने देवळात जाऊ लागले.

मी मात्र जात असे. दुपारी शिळा उंडो, म्हणजे इथला पाव, दाट दुधात कुस्करून चमच्याने भरवी, सुमतीला तेवढाच आराम. शेवटचं नीट पाहिलं ते अशाच एका दुपारी. तो सोप्यावर खुर्चीत, मी शेजारी. फाटकापाशी गाडी थांबली. मुलाच्या आधाराने विश्वासबाब उतरले. तोंड उतरलेलं, शर्ट अंगावर टांगल्यासारखा. हृदयाचं ऑपरेशन सांगितलं होतं, करायचं की नाही ठरत नव्हतं. पुतण्याचा हात दगडासारखा स्थिर, पण त्याचे कौल खरे होत नाहीत, असं गावात सगळेच म्हणत होते.

ते मुलाला फाटकापाशीच ठेवून एकटे पायरीवर आले. मला पाहून थबकले. मी हलले नाही. म्हाताऱ्या बायकांना हलता येत नाही, हा एक फायदा.

"सगुण," ते हळू आवाजात म्हणाले. खिशातून पिटकोळीचे दोन कळे काढले आणि सोप्याच्या कठड्यावर ठेवले. "हंयच लाय. खांब्याक लाय. कोणाक सांगचय ना. तेन्ना तुज्या हाताक देवी खरीच ओढी रे."

सगुणाने कळ्यांकडे पाहिलं. मग विश्वासबाबांकडे. मला वाटलं, आता ते हसू फुटणार. नाही फुटलं. ओठ जुळवायला त्याला वेळ लागला, आणि विश्वासबाब त्या ओठांकडे, गाभाऱ्यात बघावं तसे, बघत होते.

"आ-ज ना," सगुण म्हणाला. "आ-ज मी... घे-त-ली."

विश्वासबाब कळे तिथेच टाकून पायऱ्या उतरले. ऑपरेशन त्यांनी कौलाशिवायच केलं. बरे आहेत, पालखीपुढे चालतात. सगुण त्यानंतर फार दिवस राहिला नाही.

गाडी वळून गेली, तेव्हा मी त्याच्याकडे पाहिलं. त्याचे दोन्ही हात मांडीवर होते. जराही हलत नव्हते.